बाल्टिक समुद्राच्या क्षेत्रनियोजनाचीं कागदपत्रें : एक परीक्षण

१. परीक्षणाचा विषय

बाल्टिक समुद्राच्या कांठचीं राष्ट्रें गेलीं पंधरा वर्षें आपापल्या वांट्याच्या पाण्याचे नकाशे करीत आलीं आहेत. जहाजांचे मार्ग, मासेमारीच्या जागा, पवनचक्क्यांचीं क्षेत्रें, समुद्रतळावरील तारा व नळ, संरक्षित प्रदेश, लष्करी सरावाच्या हद्दी या सर्वांची आंखणी त्यांत होते. या उद्योगास सागरी क्षेत्रनियोजन असें नांव पडलें आहे. तो एकेकट्यानें न करतां परस्परांच्या विचारानें करावा, म्हणून या राष्ट्रांनीं कांहीं सामायिक कागदपत्रेंही निर्माण केलीं. प्रस्तुत परीक्षणास त्यांपैकीं तीन वर्ग घेतले आहेत. पहिला, हेल्कॉम व वासाब या दोन संस्थांनीं २०१० सालीं मान्य केलेलीं दहा तत्त्वें. दुसरा, युरोपीय संघाचा २३ जुलै २०१४ चा २०१४/८९ क्रमांकाचा निर्देश. व तिसरा, या दोहोंस अनुसरून राष्ट्रांनीं २०१९ पासून २०२२ पर्यंत काढलेले आपापले आराखडे.

इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत हा विषय कां यावा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर सोपें आहे. नकाशा हा दस्तऐवज आहे. तो कोणीं केला, कोणत्या अधिकारानें केला, त्याचा आधार काय, त्यांत काय लिहिलें आणि काय गाळलें, हे जे प्रश्न आपण सनदेस वा महजरास विचारतों, तेच या नकाशांसही विचारले पाहिजेत. नियोजनाचे तज्ज्ञ या कागदांकडे उद्यांची व्यवस्था म्हणून पाहतात. पुरावा म्हणून त्यांची छाननी करण्याची संवय मात्र आपल्या वर्गास अधिक आहे. ती छाननी केली असतां आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. या कागदपत्रांचें बळ सामायिक शब्दांत आणि सामायिक माहितींत आहे; त्यांचा दुबळेपणा, जेथें एका राष्ट्राचा नकाशा संपतो व दुसऱ्याचा सुरू होतो, त्या सांध्यावर आहे. हें विधान साधार करणें हाच या लेखाचा उद्देश.

२. पूर्वपीठिका

समुद्रावर कागदानें सत्ता सांगण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या किनाऱ्याचा भाग थोडा नाहीं. गोव्याच्या फिरंग्यांनीं सोळाव्या शतकांत आपला कार्ताज, म्हणजे परवाना, घेतल्यावांचून कोणाचें तारूं समुद्रांत फिरूं नये असा दंडक घातला. पुढें अठराव्या शतकांत कान्होजी आंग्रे यांनीं त्याच पाण्यांत आपलें दस्तक चालविलें. एका सत्तेचा परवाना जवळ असला, तरी दुसरीचें भय व्यापाऱ्यास राहीच. पोर्तुगिजांच्या या एकाधिकारावरच ह्यूगो ग्रोशियस या डच पंडितानें १६०९ सालीं ‘मारे लिबेरुम्’ हा ग्रंथ लिहून हल्ला केला व समुद्र सर्वांस मोकळा असल्याचें प्रतिपादिलें. १६३५ सालीं जॉन सेल्डन या इंग्रजानें ‘मारे क्लाउसुम्’ लिहून उलट पक्ष मांडला. सागरी कायद्याचा हा प्रसिद्ध वाद पूर्वेकडील व्यापारांतून उद्भवला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

बाल्टिकमध्यें याचें जोडउदाहरण म्हणजे डेन्मार्कची साउंडची जकात. एल्सिनोर येथें सामुद्रधुनींतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचे राजे १४२९ च्या सुमारापासून १८५७ पर्यंत ही जकात घेत असत. तिच्या वह्या १४९७ पासूनच्या उपलब्ध असून, त्यांत सुमारें अठरा लक्ष फेऱ्यांची नोंद आहे. कोपनहेगनच्या दप्तरांत त्या जपून ठेविल्या आहेत. २००७ सालीं युनेस्कोनें त्यांची गणना जगाच्या स्मृतिधनांत केली. जहाज कोणाचें, कोठून आलें, माल काय, हें या वह्यांत सांपडतें.

कार्ताज, दस्तक व साउंडच्या वह्या या तिहींचा प्रश्न एकच होता : या पाण्यांतून जातो कोण? नव्या नकाशांचा प्रश्न निराळा आहे : या पाण्यांत ठाण मांडून बसणार कोण? पवनचक्कीचा खांब, वायूचा नळ, विजेची तार या वस्तु एकदां बसल्या म्हणजे पिढीभर हालत नाहींत. म्हणून समुद्राचा हा नवा कागद जकातीच्या वहीपेक्षां जमिनीच्या मोजणीखर्ड्यास अधिक जवळचा आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची व्यवस्था सर्वमान्य केली. बाल्टिक अरुंद असल्यामुळें तेथें कोणाचाच नाहीं असा खुला समुद्र उरलाच नाहीं. प्रत्येक राष्ट्राची हद्द कोठें तरी शेजाऱ्याच्या हद्दीस भिडते. सांध्याचा प्रश्न तेथें इतका तीव्र कां, याचें कारण हेंच.

३. गुणपक्ष

दोष दाखविण्यापूर्वीं गुण सांगणें न्याय्य होईल. बाल्टिक हा उथळ व कोंडलेला समुद्र आहे. त्याची सरासरी खोली ५५ मीटरांच्या आंत असून, डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या वाटांतूनच त्यास महासागराचें पाणी मिळतें. तें पाणी पूर्णपणें पालटण्यास सुमारें तीस वर्षें लागतात. एका तीरावरून नदींत सोडलेली घाण दुसऱ्या तीरास बाधते, हें तेथील लोकांस पूर्वींच कळलें होतें. १९७४ सालीं, युरोप दोन शस्त्रसज्ज गटांत विभागलेला असतांना, दोन्ही गटांतील किनाऱ्याच्या राष्ट्रांनीं हेलसिंकी येथें या समुद्राच्या रक्षणाचा करार केला. तो १९८० पासून अंमलांत आला. १९९२ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति झाली. हेल्कॉम ही याच कराराची कार्यकारी संस्था होय. वासाब ही १९९२ पासूनची, क्षेत्रनियोजनाचा विचार करणारी, राष्ट्रांच्या मंत्र्यांची सहकारी संस्था आहे. २०१० सालीं या दोघींनीं मिळून एक कार्यगट नेमला, आणि दहा तत्त्वें मान्य केलीं.

हीं तत्त्वें वाचलीं असतां त्यांतील विचार प्रौढ वाटतो. नियोजन परिसंस्थेच्या आधारानें व्हावें, दूरदृष्टीचें असावें, हानीचा संशय असेल तेथें आधीं सावधगिरी घ्यावी, लोकांस सहभाग मिळावा, माहिती उत्तम प्रतीची असावी, जमिनीचें व समुद्राचें नियोजन एकमेकांशीं जुळावें, राष्ट्रांनीं एकमेकांशीं विचारविनिमय करावा, आणि हें काम एकदां करून संपलें असें न मानतां सतत चालूं ठेवावें. २०१६ सालीं याच कार्यगटानें शेजाऱ्यांशीं सल्लामसलत कशी करावी याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तींत मसुदा पक्का झाल्यावरची औपचारिक विचारणा आणि मसुद्याच्या आरंभींचा अनौपचारिक विचारविनिमय यांतील भेद ओळखला आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. तयार कागदावर शेजाऱ्याचा अभिप्राय मागणें व कोऱ्या कागदाभोंवतीं शेजाऱ्यासह बसणें, या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी होत.

माहितीच्या बाबतींत सहकार्याचें फळ तर डोळ्यांस दिसतें. बाल्टिकच्या मध्यभागीं पॉरपॉइज या डॉल्फिनासारख्या लहान सागरी प्राण्याचा एक स्वतंत्र समूह आहे. २०११ पासून २०१३ पर्यंत किनाऱ्याच्या राष्ट्रांनीं मिळून समुद्रांत सुमारें तीनशें ठिकाणीं ध्वनिग्राहक यंत्रें ठेविलीं व या प्राण्याच्या आवाजांवरून मोजणी केली. समूहांत जेमतेम पांचशें प्राणी उरले असावेत असा अंदाज निघाला. याहूनही मोलाची माहिती अशी कीं, त्यांच्या विणीच्या हंगामांतील मुख्य जागा गॉटलंड बेटाच्या दक्षिणेस मिडस्यो नांवाच्या उथळांभोंवतीं असल्याचें आढळलें. एका राष्ट्रानें आपल्याच पाण्यांत यंत्रें टाकलीं असतीं, तर ही गोष्ट उघडकीस आली नसती. तिच्या आधारें स्वीडननें २०१६ सालीं तेथें विस्तीर्ण संरक्षित क्षेत्र जाहीर केलें. सामायिक पुराव्यावरून निर्णय झाल्याचें हें स्वच्छ उदाहरण आहे.

४. पहिला दोष : कागदांची विषम योग्यता

आतां तिसऱ्या वर्गाच्या कागदांकडे वळूं. २०१४ च्या निर्देशानें संघांतील समुद्रकांठच्या राष्ट्रांस ३१ मार्च २०२१ पर्यंत आराखडे करण्याची मुदत दिली होती. मुदत कांहींनीं पाळली, कांहींची चुकली. पण आज या समुद्राचा बहुतेक भाग कोणत्या ना कोणत्या आराखड्याखालीं आला आहे. आराखडे एकाशेजारीं एक मांडून पाहणारास रंगांचा एक अखंड पट दिसतो, आणि तोच भ्रमास कारण होतो.

जर्मनीचा आराखडा हा अध्यादेश असून १ सप्टेंबर २०२१ पासून अंमलांत आला. पोलंडचा आराखडा मंत्रिमंडळानें एप्रिल २०२१ मध्यें नियम म्हणून काढला. हे दोन्ही बंधनकारक आहेत. स्वीडनच्या सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें मान्य केलेले आराखडे केवळ मार्गदर्शक आहेत. फिनलंडचा आराखडा २०२० च्या अखेरीस तयार झाला. तो किनाऱ्यावरील प्रांतिक मंडळांनीं केलेला धोरणवजा कागद असून, कायद्यानें कोणास बांधीत नाहीं. म्हणजे रंग सारखा दिसला तरी त्यामागील अधिकार सारखा नाहीं.

पेशवे दप्तराशीं परिचय असणारास हा घोंटाळा ओळखीचा वाटेल. सनद हीही कागद, आणि यादी हीही कागद. पण सनदेनें हक्क उत्पन्न होतो, यादींत मागणें मांडलेलें असतें. धन्याचा निर्णय त्यावर लिहिला गेल्याखेरीज यादीस अंमलाचें बळ येत नाहीं. दोन्ही एकाच रुमालांत बांधलेल्या सांपडल्या म्हणून एखाद्या संशोधकानें त्यांस सारखेंच वजन दिलें, तर आपण त्याचा निष्कर्ष मानणार नाहीं. बाल्टिकच्या सामायिक नकाशावर मात्र पोलंडची सनद आणि स्वीडनची यादी एका रंगांत एकमेकींस चिकटून बसतात. दहा तत्त्वांत या भेदाची वाच्यता नाहीं. निर्देशाच्या अकराव्या कलमांत आराखडे परस्परांशीं सुसंगत व्हावेत या हेतूनें राष्ट्रांनीं सहकार्य करावें एवढें सांगितलें आहे. सुसंगति न साधल्यास पुढें काय, याची तरतूद त्या कलमांत आढळत नाहीं.

५. दुसरा दोष : दस्तऐवजाचें मौन

कागद काय बोलतो याइतकेंच तो कशाविषयीं गप्प आहे हें पाहणें आवश्यक असतें. निर्देशाच्या दुसऱ्या कलमानें, ज्या कार्यांचा हेतु केवळ संरक्षण वा राष्ट्रीय सुरक्षितता हा आहे तीं कार्यें, निर्देशाच्या कक्षेबाहेर ठेविलीं आहेत. कोणतेंही सार्वभौम राष्ट्र असा अपवाद मागणारच. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु त्या अपवादाचा परिणाम किती दूरवर पोंचतो, हें पुढील उदाहरणावरून कळेल.

वर सांगितलेल्या मिडस्यो उथळांपैकीं दक्षिणेकडील उथळावरून स्वीडन व पोलंड यांची सीमा जाते. २००९ ते २०१२ या काळांत चाललेल्या एका संयुक्त प्रकल्पांत ही जागा नमुन्याच्या नियोजनासाठीं मुद्दाम निवडली होती. पुढें २०१५ ते २०१७ च्या दुसऱ्या प्रकल्पांतही तिची चर्चा झाली. पाणी उथळ असल्यामुळें पवनविद्युतीस जागा सोयीची, पॉरपॉइजच्या विणीमुळें जपण्याची, मासेमारांच्या ओळखीची, आणि दोन राष्ट्रांच्या सीमेवरची. नियोजनाची पद्धति तपासण्यास याहून चांगली कसोटी मिळणें कठीण. दोन्ही राष्ट्रांच्या आराखड्यांत आपापल्या बाजूस वीजनिर्मितीसाठीं जागा दाखविली गेली. एवढ्यापुरतें पाहतां सांधा जुळला, असें म्हणतां आलें असतें.

४ नोव्हेंबर २०२४ रोजीं स्वीडनच्या सरकारनें बाल्टिकमधील पवनचक्क्यांचे तेरा प्रस्ताव एकाच दिवशीं फेटाळले. दक्षिण मिडस्यो उथळावरील प्रस्तावही त्यांत होता. कारण लष्करी दिलें गेलें. रशियाच्या कालिनिनग्राड प्रांताच्या समीप इतक्या उंच चक्क्या उभ्या राहिल्यास येणाऱ्या क्षेपणास्त्राची चाहूल लागण्यास विलंब होईल, आणि प्रतिकारास मिळणारा वेळ दोन मिनिटांवरून एका मिनिटावर येईल, असें संरक्षणमंत्र्यांनीं सांगितलें. उलटपक्षीं पोलंड हें कालिनिनग्राडच्या अगदीं लगत असूनही, त्यानें २०२५ सालीं आपल्या पाण्यांत बाल्टिक पॉवर या पहिल्या मोठ्या प्रकल्पाचे खांब रोवण्यास आरंभ केला.

या दोहोंत कोणाचा निर्णय बरोबर, हा आमचा विषय नाहीं. युद्धशास्त्राचा तो प्रश्न त्या त्या देशानेंच सोडवावा. आमचा आक्षेप कागदपत्रांवर आहे. एकाच समुद्रांत, एकाच शेजाऱ्याच्या भयाखालीं, दोन मित्रराष्ट्रें उलट निर्णय घेतात, आणि हा विरोध नोंदण्यास पंधरा वर्षांच्या सामायिक कागदांत एक रकानाही नाहीं. आराखड्यांत लष्करी सरावाचीं क्षेत्रें रेखाटलेलीं असतात. पण त्या क्षेत्रांच्या बाहेर लष्कराचा शब्द कोठपर्यंत चालेल, हें त्यांवरून समजत नाहीं. मासेमारास, पॉरपॉइजचा अभ्यास करणारास, भांडवल घालणारास नकाशावर जी जागा खुली दिसत होती, ती वस्तुतः खुली नव्हतीच. ज्या हक्कानें शेवटीं निकाल दिला, तो हक्क नकाशावर अदृश्य होता. असा दस्तऐवज खोटा नसतो, परंतु अपुरा असतो; आणि अपुऱ्या दस्तऐवजावर पूर्ण विश्वास टाकणारा फसतो.

६. तिसरा दोष : रिकामी जागा

नकाशावर कांहीं जागा मौनाच्याही पलीकडे, अगदीं रिकाम्या आहेत. निर्देशाच्या बाराव्या कलमांत, संघाबाहेरील राष्ट्रांशीं शक्य तेथें सहकार्याचा यत्न करावा असें म्हटलें आहे. बाल्टिकच्या कांठीं असें राष्ट्र एकच, तें रशिया. फिनलंडच्या आखाताचा शेवट व कालिनिनग्राडचा किनारा हे त्याचे भाग. हेल्कॉमच्या मेजाभोंवतीं १९७४ पासून मॉस्कोचे प्रतिनिधि बसत. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ च्या मार्चपासून, रशियासह होणाऱ्या औपचारिक सभा स्थगित झाल्या. शीतयुद्धाच्या काळांत जें साधलें, तें त्यानंतर तुटलें. सामायिक तत्त्वें ज्या सभेनें मान्य केलीं ती सभाच भरेनाशी झाली, तर त्या तत्त्वांचा अर्थ लावावा कोणीं?

याच्या उलट एक रिकामी जागा भरल्याचेंही उदाहरण आहे. बोर्नहोम बेटाच्या दक्षिणेस डेन्मार्क व पोलंड यांच्यामध्यें सुमारें ३,६०० चौरस किलोमीटरांचा एक पट्टा कोणाचा, हा वाद चार दशकें भिजत पडला होता. त्यास करडा पट्टा असें म्हणत. नॉर्वेचा वायु डेन्मार्कमार्गें पोलंडास नेणाऱ्या नळाची योजना पुढें आली, आणि १९ नोव्हेंबर २०१८ रोजीं दोन्ही राष्ट्रांनीं सीमाकरारावर सही केली. सुमारें चार पंचमांश भाग डेन्मार्ककडे गेला, उरलेला पोलंडकडे. नळ २७ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाला. त्याच्या आदल्याच दिवशीं, २६ सप्टेंबरास, बोर्नहोमजवळ नॉर्ड स्ट्रीमचे नळ स्फोटांनीं फुटले, हा योगायोग समुद्रतळाच्या नकाशाचें मोल किती वाढलें आहे तें दाखवितो.

दुसरें उदाहरण क्रीगर्स फ्लाक या उथळाचें. तेथें जर्मनी, डेन्मार्क व स्वीडन या तिघांच्या हद्दी मिळतात. जर्मनीच्या पवनचक्क्या २०१५ सालीं व डेन्मार्कच्या २०२१ सालीं सुरू झाल्या. दोहोंस जोडणारी तार २०२० सालींच पूर्ण झाली. त्यामुळें एकाच जोडणीनें वाऱ्याची वीज किनाऱ्यास नेतां येते, आणि वारा मंदावला कीं तीच दोन देशांच्या वीजव्यापारास उपयोगी पडते. स्वीडन आरंभीं या विचारांत होतें; पुढें बाजूस झालें. या दोन्ही ठिकाणीं सांधा जुळला तो सामायिक तत्त्वांनीं नव्हे, तर सामायिक वस्तूनें. एकीकडे नळ होता, दुसरीकडे तार होती. दोघांचा लाभ मोजून दाखवितां येत होता. जेथें लाभ असा वाटून घेण्याजोगा नाहीं, जेथें केवळ एका मुक्या प्राण्याचें वीण-स्थान वांचवावयाचें आहे, तेथें तत्त्वांखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणूनच तत्त्वांचे कागद दुबळे राहणें ही क्षुल्लक उणीव नव्हे.

७. जुन्या दप्तराचें मोल

या विषयाची एक बाजू विशेषतः हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचीं विषारी शस्त्रें बाल्टिकमध्यें बुडविण्यांत आलीं. हेल्कॉमच्या अहवालाप्रमाणें त्यांचें वजन किमान ४०,००० टन असून, त्यांपैकीं मोठा भाग १९४७-४८ मध्यें बोर्नहोमच्या पूर्वेकडील खोलगट भागांत टाकला गेला. नेमून दिलेल्या जागीं पोंचण्यापूर्वींच वाटेंत कांहीं माल समुद्रांत लोटला गेला. लांकडी पेट्यांतला कांहीं वाहवत गेला. टाकणाऱ्यांच्या नोंदी तुटक आहेत. परिणाम असा, कीं बोर्नहोमच्या मासेमारांच्या जाळ्यांत अनेक वर्षें हे गोळे सांपडत आले, आणि कित्येकांस त्यांपासून भाजल्याच्या जखमा झाल्या. आज तेथें तार वा नळ घालावयाचा म्हणजे प्रथम जुने कागद धुंडाळावे लागतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीं एखाद्या जहाजावरील कारकुनानें नोंद नीट केली कीं नाहीं, यावर आजच्या मनुष्याचा जीव अवलंबून आहे.

बुडालेल्या जहाजांचीही गोष्ट तशीच. बाल्टिकचें पाणी कमी खारें असल्यामुळें लांकूड पोखरणारा समुद्री किडा त्याच्या बहुतेक भागांत जगत नाहीं. त्यामुळें १६२८ सालीं बुडालेलें ‘वासा’ हें स्वीडनचें युद्धनौकेचें तारूं १९६१ सालीं जवळजवळ अभंग वर काढतां आलें. अशीं आणखी कित्येक तारवें तळाशीं पडून आहेत. निर्देशाच्या आठव्या कलमांत पाण्याखालील सांस्कृतिक वारशाचा उल्लेख आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु वारसा ज्या जुन्या नोंदींवरून हुडकावयाचा, त्या नोंदींचें दप्तर नियोजनाचा आधार म्हणून जोडलें पाहिजे, असें या कागदांत कोठें आग्रहानें म्हटलेलें नाहीं. उत्तम माहितीचें तत्त्व सांगणारांनीं माहिती म्हणजे केवळ यंत्रांनीं आज मोजलेली, असें समजूं नये.

८. समारोप

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. बाल्टिकचीं कागदपत्रें त्याज्य नाहींत. अन्य समुद्रांस तीं अनुकरणीय आहेत. परंतु त्यांचें अनुकरण करणारांनीं तीन सुधारणा आधींच कराव्या. प्रथम, सामायिक नकाशावर प्रत्येक रेषेमागें तिची योग्यता लिहावी : ही आज्ञा, ही सूचना, हा केवळ विचार. दुसरें, सुरक्षिततेचा तपशील गुप्त राहिला तरी चालेल. पण ज्या क्षेत्रांत लष्कराचा नकार संभवतो तें क्षेत्र तसें दाखवावें, म्हणजे खुल्या दिसणाऱ्या जागेवर कोणी फुकट आशा बांधणार नाहीं. तिसरें, आराखड्याची प्रत्येक आवृत्ति, तिचा मसुदा, शेजाऱ्यांचे आक्षेप व त्यांस दिलेलीं उत्तरें, हीं सर्व तारीखवार एका दप्तरांत राखावीं. नियोजन सतत बदलत राहावें हें तत्त्व योग्य आहे; पण बदलणाऱ्या कागदाच्या मागील प्रती नष्ट झाल्या, तर निर्णय कां बदलला हें पुढील पिढीस कधींच समजणार नाहीं.

हा विषय आपल्याही दारीं येऊन ठेपला आहे. २०१९ पासून भारत व नॉर्वे यांच्या सहकार्यानें सागरी क्षेत्रनियोजनाचा विचार आपल्याकडे सुरू झाला. पुदुच्चेरी व लक्षद्वीप हीं त्याचीं पहिलीं ठिकाणें ठरलीं. हीं स्थळें आपल्याच हद्दींतील असल्यानें तेथें सांध्याचा प्रश्न अजून उभा राहिलेला नाहीं. पण रेषा आंखली म्हणजे व्यवस्था झाली असें होत नाहीं, याचा अनुभव आपणांस आहे. १९७४ व १९७६ च्या करारांनीं भारत व श्रीलंका यांची जलसीमा ठरली. तथापि पाल्कच्या सामुद्रधुनींतील दोन्ही तीरांच्या मासेमारांचा तंटा त्यानें मिटला नाहीं. उद्यां अरबी समुद्राच्या आपल्या भागाचा असा नकाशा होईल, तेव्हां तो करणारांस कोंकणच्या किनाऱ्याविषयींचीं जुनीं कागदपत्रें लागतील : बंदरांच्या जकातीचे हिशेब, आरमाराच्या यादी, फुटलेल्या तारवांचे उल्लेख, मच्छीमारीच्या हक्कांचे निवाडे. यांपैकीं पुष्कळसे कागद अद्यापि खाजगी रुमालांत पडून आहेत. ज्यांच्यापाशीं ते असतील त्यांनीं त्यांच्या नकला संस्थांच्या दप्तरीं पोंचवाव्या. समुद्राचा नकाशा करणारांस त्यांची जरूर भासेल त्या दिवशीं ते उपलब्ध असले पाहिजेत. नाहींतर आपल्या नकाशावरही तशाच रिकाम्या जागा राहतील, आणि त्या कोणाच्या अज्ञानानें राहिल्या, हें सांगणारा कागदही उरणार नाहीं.